कुमुदच्या वर्गात फुंकर घालायची नाही

शेवटचं भेटलो तेव्हा कुमुदच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. दवाखान्याच्या खिडकीखालच्या मैदानात गरब्याचे मांडव सोडत होते, बांबू खाली पडल्याचे आवाज येत होते. मी मऊ भाताचा डबा स्टुलावर ठेवला. तिने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाली, "बघ वहिनी, जन्मभर मागे लागली होतीस… लावला एकदाचा." मी तो पुन्हा तिच्या नाकावर बसवला आणि गप पड म्हणून दटावलं. आमच्या दोघींमधलं हे शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा फोन वाजला. मुकुंदाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो घेतला, ऐकून घेतलं आणि रिसीव्हर ठेवून नुसता उभा राहिला. कुमुद त्याची धाकटी बहीण. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी आम्ही दोघं तिथेच.

नणंद-भावजयीचं सख्य म्हटलं की लोक 'असं का?' म्हणून हसतात. हसू देत. आमचंही काही दुधात साखर नव्हतं. आम्ही रोज भांडायचो, आणि बरीचशी भांडणं एकाच गोष्टीवरून असायची. कुमुदने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि वासण्याला आमच्याच टेनामेंटच्या वरच्या खोलीत राहिली. (टेनामेंट म्हणजे आमच्या बडोद्यात ओळीतलं छोटं घर. हा शब्द ऐकून मुंबईच्या पाहुण्यांना आम्ही कुठल्यातरी चाळीत राहतो असं वाटतं, म्हणून सांगून ठेवते.) ती गेल्यावर इथल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ज्येष्ठ रांगोळीकार, हुबेहूब व्यक्तिचित्रं, शेकडो विद्यार्थिनी वगैरे. त्यात खोटं काही नाही. पण तिच्या हातून झालेली सगळ्यात अवघड गोष्ट त्या चार ओळींत नव्हती. ती कुणाला फारशी ठाऊकही नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची. लग्न होऊन बडोद्याला आले त्या वर्षीची दिवाळी मला आठवते ती घामामुळे. इथली आश्विनातली दुपार काय असते हे इथे राहणाऱ्यालाच कळेल, आणि घरातले पंखे बंद! दारं लोटलेली, खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं खोचलेली. मला वाटलं, घरात कुणाला देवी वगैरे आल्यात की काय. तर पुढच्या खोलीत माझे सासरे, नाना, आणि कुमुद जमिनीवर ओणवे होऊन रांगोळी काढत होते. रांगोळी म्हणजे मला ठिपके आणि गोपद्म माहीत. इथे फरशीवर एक म्हातारी बाई बसली होती; सुरकुत्या, नथ, डोळ्यांतलं पाणी, सगळं. मी चटकन पदर सावरला. कुमुद ते बघून इतकी हसली की नानांनी तिला बाहेर घालवलं, कारण हसण्याच्या वाऱ्याने म्हातारीची भुवई हलली असती.

नाना कचेरीतून निवृत्त झालेले, रांगोळी ही त्यांची हौस. पण हौसेच्या माणसाइतकं कडक कुणी नसतं. त्यांची एक रीत होती. गालावरची सावली गालात मिसळायची असेल, तर रंगाची चिमूट टाकून वरून अगदी हलकी फुंकर घालायची, म्हणजे कड विरते. आणि सगळ्यात शेवटी डोळे. बाहुलीवर पांढऱ्याचा कण टेकवायचा आणि फुंकरीने भोवतालची जादा पूड उडवून लावायची. तेवढा उजेड राहिला की चित्र आपल्याकडे बघायला लागतं. नाना म्हणायचे, बोटांनी काढाल ते चित्र, फुंकरीने येतो तो जीव. कुमुद ही फुंकर इतकी सुरेख घालायची की नानांनीसुद्धा पुढे पुढे डोळे तिच्यावर सोपवले. बघताना छान वाटायचं, हे कबूल करते. पण फुंकर घालायची तर आधी श्वास ओढावा लागतो, आणि तो नाक जमिनीपासून वीतभर वर असताना. हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

नाना गेले. पुढे नव्वद सालानंतर बडोदं भराभर बदललं. वाघोडियाकडे कारखान्यांची रांग लागली, वासण्याची शेतं जाऊन सोसायट्या आल्या, घरोघरी केबल आली. दिवाळीत शहरात रांगोळ्यांचं प्रदर्शन भरायचं, त्यालाही लोटच्या लोट यायला लागले. हॉलच्या मधोमध, दारातून शिरल्याबरोबर दिसते ती जागा, कुमुदची ठरलेली. आधीचे काही दिवस सगळे कलाकार त्या हॉलमध्ये कोंडून घेऊन काम करायचे. पंखे बंद, खिडक्या बंद, दाराला पडदा. बाजारात नवनवे रंग आले होते. कुमुदला एवढ्यानं भागेना. साधी पांढरी भुकटी, आम्ही गुजराती वळणाने तिला चिरोडी म्हणतो, ती तिला मेलेली वाटायची. तिने कुठून तरी शोधून काढलं की गारगोटीची पूड मिसळली की चेहऱ्याच्या कातडीला खराखुरा तजेला येतो. मग डभोई रस्त्याच्या एका दळणाऱ्याकडे स्वतः एसटीने जायची आणि तो पुरे म्हणेपर्यंत नाही, तर स्वतःचं समाधान होईपर्यंत गारगोटी दळून आणायची. मैद्याहून मऊ. माझ्या तळहातावर टाकून म्हणायची, बघ, लागते तरी का? खरंच लागायची नाही. आणि शेंदूर! गालावरच्या लालीला तिला देवाचाच शेंदूर लागायचा, दुसरा कुठला केशरी चालायचा नाही.

त्याच सुमारास तिने वरच्या खोलीत वर्ग सुरू केला. बहुतेक मुली गुजराती, शेजारपाजारच्या सोसायट्यांतल्या. त्यांची ती 'बेन'. शेजारची रिद्धी तेव्हा फ्रॉकमधली होती, फुंकर घालण्यात सगळ्यांत तरबेज. त्या वयात तिचा गाल फुगायचा आणि ओठ शिट्टी वाजवायला करतात तसे व्हायचे, आणि कुमुद कौतुकाने बघत राहायची. दुपारी मधल्या सुट्टीत मुली त्याच रंगाच्या हातांनी खारी शिंग खायच्या, म्हणजे आपले शेंगदाणे, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मला वाघोडियाला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी लागली होती. कामगारांना हातमोजे, चष्मे, नाकाचे मास्क द्यायचे ते माझ्याकडून जायचे. धूळ उडते त्या खात्यात मास्कची सक्ती होती, आणि सक्तीचं जे होतं तेच व्हायचं. साहेब दिसला की मास्क नाकावर, साहेब वळला की गळ्यात. एकदा सुरक्षेचं भाषण देणारे कुणी आले होते. ते म्हणाले, डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते, दिसत नाही ती आत उतरते. मी हिशेब करत ऐकत होते आणि एकदम मला कुमुदचा तो मैद्याहून मऊ डबा आठवला. घरी जाताना दुकानातून एक मास्क विकत घेतला, वाटीसारखा पांढरा, आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो तोंडाला लावून आरशात पाहिलं. "मळणीच्या बैलाला बांधतात तसं मुसकं आणलंस होय मला?" म्हणाली. मग फुंकर घालून दाखवली. मास्क जरा फुगला, खाली रंगाचा कण हलला नाही. झालं, निकाल लागला. मास्क खिळ्याला अडकला आणि माझं तुणतुणं सुरू झालं. ती म्हणायची, वहिनी, तुझ्या कारखान्यात धूर असतो, माझ्याकडे रांगोळी आहे. मी म्हणायची, फुप्फुसाला काय कळतंय रांगोळी कुठली आणि कारखाना कुठला! असा आमचा कलगीतुरा बरीच वर्षं चालला.

तिला खोकला लागला तो आधी दिवाळीपुरता, मग उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, टिकणारा, आणि मग बारमाही. ज्येष्ठमध, अडुळसा, गल्लीतल्या डॉक्टरांच्या रंगीत बाटल्या, सगळं झालं. जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहायची आणि वर 'काही नाही, वय झालं' म्हणायची. वय कसलं, चाळिशी नुकती ओलांडलेली. शेवटी मीच तिला ओढत छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढायला लावला, तो उजेडावर धरून बराच वेळ बघितला आणि गुजरातीत विचारलं, "बेन, तुम्ही खंभातच्या का? अकीक घासायचं काम केलंय कधी?" खंभातला अकीकाचे मणी घासणारी माणसं दगडाच्या धुळीने ऐन उमेदीत खंगतात, हे आमच्या गुजरातेत ऐकून सगळ्यांना माहीत असतं. कुमुद म्हणाली, "मी चित्रकलेची शिक्षिका आहे." डॉक्टरांना वाटलं ती लपवते आहे. मग मीच सगळं सांगितलं, गारगोटी, बंद खिडक्या, फुंकर. ते सावकाश म्हणाले की आत जे झालं आहे ते परत जाणार नाही; औषध आहे ते त्रास कमी करायला; आता यापुढे धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात आहे. आणि शेंदरात शिसं असतं, तो तर पोराबाळांच्या आसपाससुद्धा नको.

बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. रिक्षात बसलो. रिक्षा बरीच पुढे आल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, "वहिनी, रिद्धी माझ्या अगदी शेजारी बसते गं." स्वतःबद्दल एक अक्षर नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही फारसं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग बंद. दिवाळी तोंडावर आलेली, प्रदर्शनात या वर्षी पहिल्यांदा मुलींना कोपरा मिळणार होता, आणि बेन दार उघडेनात. मुलींच्या आया येऊन मला विचारायच्या, शुं थयुं, बेनला बरं नाही का? मी काहीबाही सांगायची. वरून मात्र आवाज यायचे. तिने आधी गारगोटीचा डबा पाण्यात कालवला आणि तो चिखल पिशवीत बांधून टाकून दिला. शेंदराची तीच गत. मग खिडक्यांतली वर्तमानपत्रं ओरबाडून काढली. आता वारा येणार तर रांगोळी उडणार. म्हणून जुन्या चादरी बांबूच्या चौकटीला ताणून गुडघाभर उंचीचे आडोसे केले, वरून हवा खेळती आणि खाली जमिनीवर शांत. रंग चाळायचे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत चाळणी घालून, पिशवीचं तोंड बांधून, गच्चीवर. झाडू खोलीतून हद्दपार. त्याच्या जागी बादली आणि ओलं फडकं. मी मदतीला गेले तर मला म्हणाली, तू तुझ्या कारखान्यातलं ते भाषण पुन्हा सांग. मला आठवेल तेवढं सांगितलं. माझं ऐकण्याची ही तिची आयुष्यातली पहिलीच खेप, आणि मला त्याचा आनंद काही झाला नाही.

सगळं जमलं, अडलं ते फुंकरीपाशी. मास्क लावला की फुंकर जात नाही, आणि फुंकर नाही तर डोळ्यांत उजेड नाही. पिसाने करून पाहिलं, ओरखडे उठले. सायकलचा पंप आणला, त्याने कान उडाला. एक दिवस ती रिक्षाच्या भोंग्याचा काळा रबरी गोळा घेऊन आली. तेव्हा आमच्या रिक्षांना तसे भोंगे असायचे. रिक्षावाल्याने विचारलं होतं, बेन, गोळा एकलाच? भोंगा नको? तर म्हणे आवाज नको आहे, वारा हवा आहे. त्याने तिला वेडी ठरवली असणार. तो गोळा दाबल्याबरोबर एका आजोबांचं नाक मिशीसकट भिंतीपर्यंत गेलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि हसता हसता तिला खोकल्याची अशी ढास लागली की मला तिची पाठ चोळत बसावं लागलं… शेवटी गल्लीच्या तोंडाशी जो फोटो स्टुडिओ होता, त्याच्याकडे कॅमेऱ्याची काच साफ करायचा लिंबाएवढा रबरी फुगा दिसला. पुढे बारीक नळी. तो तिने उसना आणला आणि परत दिलाच नाही. आठवडाभर नुसती दाबायला शिकत होती. दोन बोटांनी, श्वास सोडावा तितका हलका. एका संध्याकाळी वरून हाक मारली. मी गेले तर फरशीवर नुसता एक डोळा होता, आणि तो माझ्याकडे बघत होता.

मग वर्ग उघडला. प्रत्येकीला एक मास्क, एक फुगा, आणि एक जुना सदरा जो खोलीतच खुंटीला राहील, घरी न्यायचा नाही, धाकट्या भावंडांत रंग जायला नको म्हणून. शिंग खायची तर कोपरापर्यंत हात धुऊन, आणि तीही गच्चीवर. पहिल्या दिवशी सगळ्या मुसकी बांधून बसल्या आणि एकमेकींकडे बघून खिदळल्या. रिद्धीने मास्क खाली ओढून सवयीने गाल फुगवले, तर कुमुदने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. कधी नव्हे तो तिचा आवाज चढला होता. रिद्धी रडकुंडीला आली. कारण विचारलं तर कुमुदने एवढंच सांगितलं की या वर्गात फुंकर घालायची नाही, आणि जिला कारण हवं असेल तिने माझा खोकला ऐकावा.

आता खरं दुखणं पुढे होतं. प्रदर्शनाच्या तयारीची सूत्रं नानांच्या एका जुन्या दोस्ताच्या हाती होती, त्यांना आम्ही बापूकाका म्हणायचो. मोठा कलावंत, मनाने वाईट नव्हे, पण हट्टी. कुमुद त्यांच्याकडे गेली, बरोबर मीही होते. तिचं म्हणणं होतं की हॉलच्या वरच्या झडपा उघड्या ठेवाव्यात, प्रत्येक चित्राला आडोसा करू, आणि निदान मुलींच्या कोपऱ्यात तरी मास्क लावायला कुणी हसू नये. बापूकाकांनी चहा मागवला, सगळं ऐकलं. झडपा उघडायला ते कबूल नव्हते. दुसऱ्यांची चित्रं खराब झाली तर जबाबदार कोण? इथवर ठीक. मग तिने पिशवीतून फुगा काढून दाखवला. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नानांच्या मुलीने फुंकर सोडली? मग माणसं कशाला काढतेस, कुमुद? पुतळे काढ."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. कुमुदने माझा हात दाबला. चहा संपवला, त्यांना वाकून नमस्कार केला, आणि माझी मधली जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. रस्त्यात मी चिडून म्हटलं की अगं, मुलींना बसवू नको, पण तू तरी जा. डॉक्टरांनी जे सांगितलं ते झालंच आहे, एका वर्षाने काय बिघडणार? ती म्हणाली की ती बंद हॉलमध्ये बसली तर पुढच्या वर्षी मुली हट्ट करतील, आणि मग कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं. ज्या जागेसाठी ती वर्षभर जगायची ती जागा तिने अशी सोडली. त्या दिवाळीत आमच्या टेनामेंटच्या पोर्चमध्ये, मुकुंदाची स्कूटर बाहेर काढून, कुमुद आणि तिच्या मुसकेवाल्या मुलींनी आठ-दहा चेहरे काढले. बघायला सोसायटीतली माणसं आली, काही वाट चुकलेली आली. प्रदर्शनात लोटच्या लोट जात होते. संध्याकाळी ती पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'आवो ने, आवो ने' करत होती आणि मध्येच गप्प व्हायची. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. ती असं कधी बोलली नाही पण मी तिच्याबरोबर एका घरात राहत होते, मला दिसत होतं.

ती पुन्हा त्या हॉलमध्ये बसली नाही. बापूकाका गेल्यावर बोलावणं आलं होतं, तेव्हा तिला तेवढं ओणवं राहणं झेपत नव्हतं. आता म्हणे तिथे वरच्या झडपा उघडतात आणि दोघं-चौघं मास्कही लावतात. कुणामुळे, कधीपासून, हे कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही. असू दे.

आणखी एक सांगायचं आहे. सांगावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. रिद्धी आणि तिच्या मैत्रिणी मराठी बोलतात पण वाचत नाहीत, म्हणून धीर करते. त्या दिवाळीनंतर दोन-तीन वर्षांनी, नानांच्या तिथीच्या दुपारी मी कारखान्यातून लवकर घरी आले. वरच्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं तर खिडक्या बंद, पंखा बंद, आणि फरशीवर नाना. कोट, टोपी, कपाळावरची ती आडवी शीर. कुमुद गुडघ्यांवर ओणवी, मास्क खिळ्याला, आणि ओठांचा चंबू करून नानांच्या डोळ्यांवर फुंकर घालत होती. तिने वर पाहिलं. मी दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. "एकदाच गं," ती म्हणाली. "त्यांना फुग्याने कसं काढू? मुलींना नको हं सांगू." मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलून झाल्यावर खाली बसले. नाना खरोखरच बघत होते. मग मी उठून खिडक्या उघडल्या, आणि वाऱ्याने नाना जायला लागले तसे तिने त्यांना स्वतःच ओल्या फडक्याने पुसलं. त्यानंतर तिने कधी केलं असेल तर मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पुढची वर्षं तिने खुर्चीवर बसून शिकवलं, हातात लांब काठी घेऊन. इथे सावली दे, तिथे कमी कर. जिना चढणं बंद झालं तसा वर्ग खाली पोर्चमध्ये आला. बोलताना वाक्याच्या मध्येच तिला थांबावं लागायचं, आणि मुली हात थांबवून वाट बघायच्या. रिद्धी कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी रविवारी यायचीच. जिन्यावरून पायऱ्या गाळत, मोठ्याने गात खाली यायची, वरच्या खोलीतले रंगाचे डबे घेऊन. कुमुद खुर्चीत बसून मान वर करून ते ऐकायची. एकदा मला म्हणाली, किती दम आहे बघ पोरीत. तेव्हा तिचा चेहरा इतका सुखी होता की मी उगाच स्वयंपाकघरात गेले.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. वर्षाच्या आतला दुखवटा, दारात रांगोळी नाही, कंदील नाही, फराळ शेजाऱ्यांकडून आलेला. धनत्रयोदशीला रिद्धी आणि आणखी तिघीजणी आल्या आणि दबकत विचारलं की वरच्या खोलीत बेनचं चित्र काढू का? मुकुंदा चपापला. दुखवट्याच्या घरात रांगोळी काढतात होय? त्याचं चूक नव्हतं. मी म्हटलं, दारात नको, सणाची नको. पण कुमुदला दुखवटा करायचा तो रांगोळीशिवाय कसा करायचा हे मला तरी माहीत नाही. मग तो स्वतःच उठून गच्चीवर ठेवलेले ते चादरींचे आडोसे खाली घेऊन आला.

मुलींनी खिडक्या उघडल्या, आडोसे लावले, मास्क चढवले. सगळं जिच्या तिच्या सवयीने. मी खाटेवर बसून बघत होते. दुपार उतरेपर्यंत कुमुद बऱ्यापैकी आली. पांढऱ्या बटा, जाड भिंगाचा चष्मा, हनुवटीवरचा तीळ. काम करता करता रिद्धीने मध्येच मान वर केली. "आंटी, आधी बेन पण तोंडानेच करायच्या ना? मला थोडं थोडं आठवतं. मग सोडल्यावर परत कधीच नाही केलं? एकदा पण नाही?"

"नाही," मी म्हटलं. "एकदासुद्धा नाही."

ती समाधानाने पुन्हा खाली वाकली. शेवटी डोळे उरले. एक तिने केला, सुरेख केला. मग हातातला फुगा पुसून माझ्यापुढे धरला. तोच, फोटो स्टुडिओतून आणून परत न दिलेला, रबर आता चिरा पडून करडं झालेलं. "हवे तमे करो, आंटी." मी घाबरून मागे सरले. जन्मात मी दारात चार ठिपके काढले नाहीत. पण त्या चौघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की नाही म्हणवेना. मास्क लावला, गुडघे कुरकुरत खाली बसले, नळी डोळ्यापाशी धरली आणि दोन बोटांनी दाबलं. जास्तच दाबलं गेलं. पांढरा कण जागचा सरकून कडेला गेला, आणि डोळा जरासा किलकिला झाला. एक मुलगी हळहळली. रिद्धी चिमटीत पांढरं घेऊन दुरुस्त करायला पुढे आली. मी तिचा हात धरला. दवाखान्यात मास्क खाली ओढून 'लावला एकदाचा' म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, ते हे असं. नेमकं असंच. मी म्हटलं, राहू दे, तिला हात लावू नको. आणि मला जे रडू तेव्हापासून आलं नव्हतं ते तिथे आलं, मास्कच्या आत, त्यामुळे सगळी पंचाईत झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खोली आवरायची होती. मुली येऊन पुसणार होत्या, मी नको म्हटलं. वर गेले, दार उघडलं. पाच दिवसांत वाऱ्याने केसांच्या बटा थोड्या विस्कटल्या होत्या, डोळे होते तसेच होते. मी थोडा वेळ तिच्यापाशी बसले, इकडचं तिकडचं सांगितलं. मुकुंदाला यंदा कुणी ओवाळलं नाही, हेही सांगितलं. मग बादली भरून आणली, खिळ्यावरचा मास्क नाकावर नीट बसवला, फडकं पिळलं आणि कपाळापासून पुसायला घेतलं.